झाकण उघडल्याशिवाय

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते रेशनच्या दुकानात सही करण्यापुरतं. वेलांटी पहिली द्यायची की दुसरी, हे मला अजून कळत नाही, म्हणून ओळीत जशी जागा मिळाली तशी दिली आहे. कुठे काना सुटला असेल तर आपला आपण लावून घ्यावा. तसं हे कुणी वाचणार नाही.

हे शेवटचं वाक्य सरांनी ऐकलं असतं तर मला तिथेच थांबवलं असतं. "बाई, तुम्ही पुढचं पाहून आलात का? नाही ना? मग 'वाचणार नसावं' म्हणा."

म्हणून दुरुस्त करते. हे कुणी वाचणार नसावं.

सर म्हणजे रावेर आणि खंडव्याच्या मधल्या आमच्या लालबागेतले इंग्रजीचे रिटायर मास्तर. स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटेच राहायचे. पुढच्या खोलीत शिकवणी, मागच्या खोलीत स्वयंपाक. मागच्या खोलीत मी होते. पोळ्या, भाजी, केरफरशी असं सगळं माझ्याकडे. माझं माहेर रावेरकडचं, मला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण सरांच्या त्याच त्या इंग्रजी वाक्यांनी माझे कान इतके भरले होते की कधीकधी रात्री स्वप्नातही 'देअर मस्ट बी' ऐकू यायचं.

सरांचं म्हणणं असं की जगातली निम्मी भांडणं 'आहे' या शब्दामुळे होतात. माणूस न पाहताच 'आहे' म्हणतो. इंग्रज काही सगळ्या बाबतीत शहाणा नाही, पण या एका बाबतीत त्याने पायऱ्या करून ठेवल्या आहेत. सगळ्यात खाली 'माइट बी', म्हणजे असलं तर असेल. त्यावर 'मे बी', म्हणजे असेल. त्यावर 'मस्ट बी', म्हणजे असायलाच पाहिजे. आणि सगळ्यात वर 'इज', म्हणजे आहे. 'इज'वर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. आणि उलट्या बाजूला 'कान्ट बी', म्हणजे असूच शकत नाही. "आणि सुरुवातीचा 'देअर'?" एखादं पोरगं विचारायचं, "तो म्हणजे 'तिथे' ना सर?" सर कानाला हात लावायचे. "नाही रे बाबा. तो नुसता दार उघडतो आणि बाजूला उभा राहतो. आत कोण आहे ते पुढे येतं."

आणि आत कोण असायचं? मी. मुलांना उदाहरण द्यायला सरांना घरात दुसरं काही मिळालं नाही.

"शांत बसा. आतून काय ऐकू येतंय?"

"भांडी, सर."

"मग वाक्य?"

"देअर मस्ट बी अ वुमन इन द किचन!"

मी आधीच लाजरी. चारजणांत नाव घेतलं की माझे कान तापतात, आणि इथे सगळी शिकवणी एका सुरात माझ्यावर वाक्य म्हणायची. मी हातातलं उलथनं तसंच धरून, श्वास रोखून उभी राहायची. मग बाहेर चर्चा. "सर, आता आवाज नाही." "हो ना. मग एक पायरी खाली या." "देअर मे बी अ वुमन इन द किचन!" तोपर्यंत तव्यावरची पोळी जळायची आणि वास बाहेर गेला की मुलं पुन्हा 'मस्ट बी'वर चढायची. एकदा तर मी काम आटपून मागच्या दाराने घरी निघून गेले आणि नळ ठिबकत राहिला. म्हणे नळाच्या आवाजावर मी तासभर 'मस्ट बी' होते.

कधी सर मुलांना अंगणात रांगेत उभं करायचे. एक 'देअर', एक 'विल', एक 'बी'. आणि एक चुळबुळी मुलगी होती, तिचं एका जागी पाऊल ठरायचं नाही, तिला कायम 'प्रॉबेब्ली' करायचे. म्हणजे 'बहुतेक'. "हिला हिंडायची परवानगी आहे," सर सांगायचे, "ही सगळ्यांच्या पुढे उभी राहील, नाहीतर मध्ये शिरेल, चालतं. बाकीच्यांनी हलायचं नाही." ती पोरगी खूष. रांगेच्या शेवटी 'अ वुमन'साठी एक जागा रिकामी ठेवलेली असायची. सर हाक मारायचे, "बाई, येता का?" मी दाराआडून नाही म्हणायची. इतक्या वर्षांत मी कधी गेले नाही. पण त्यांनी ती जागा कधी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

'सर्टनली' या शब्दावर मात्र त्यांचा राग होता. "ज्याने पाहिलं, तो नुसतं 'आहे' म्हणतो. 'नक्की, अगदी नक्की' कोण म्हणतो? ज्याला स्वतःलाच शंका असते तो." हे मला लगेच पटलं. माझ्या नवऱ्याकडून उसने नेणारा प्रत्येक जण 'नक्की देतो भाऊ' म्हणूनच नेतो.

लालबागेत राहायचं म्हणजे स्टेशनवरचा भोंगा घरातच वाजतो. भोंग्यातली बाई बोलायची, अमुक गाडी थोडी ही देर में आ रही है. सर खिडकीतून ओरडायचे, "आ रही होगी!" गाडी दोन तास उशिरा आली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

जेवतानाही तेच. मी विचारायची, "सर, मीठ बरोबर आहे?" ताटाकडे बघून म्हणायचे, "असावं." मग घास खायचे, नीट चावायचे, आणि म्हणायचे, "आहे." सुरुवातीला मला राग यायचा. वरणाला इतकं कोण तपासतं? मग सवय झाली. पुढे पुढे तर मी त्या 'आहे'ची वाट बघायला लागले. घरी माझ्या हातचं कुणी असं लक्ष देऊन खाल्लं नव्हतं.

एकदा अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे काहीतरी सळसळलं. गल्लीत केळीचा ठेला लावणारा भैया ओरडत आला, "साँप है सर, साँप! बच्चों को अंदर लो!"

सर ओट्यावरून खाली उतरले, टाकीजवळ गेले, चष्मा पुसला. "देखा क्या?"

"देखा नहीं, आवाज आया."

"तो 'है' मत बोल. 'होगा' बोल."

"अरे सर, होगा-वोगा बाद में, पहले हटो उधर से!"

सर मुलांकडे वळले. मुलं ओट्यावर एकमेकांना धरून उभी. "आवाज आला आहे. पण आवाज उंदराचाही होतो. मग कोणतं वाक्य?"

"देअर मे बी अ स्नेक!" मुलं रडवेल्या आवाजात.

तेवढ्यात टाकीखालून शेपूट दिसलं. "मस्ट बी!" सर म्हणाले. आणि मग चांगली लांबलचक धामण बाहेर आली आणि सरांच्या चपलेवरून सरसर निघून गेली. सर ओट्यावर कसे पोचले हे त्यांनाही माहीत नसावं. एक चप्पल खालीच राहिली होती. एका पायावर उभे, घामाघूम, पण तोंडावर आनंद मावत नव्हता. बोट दाखवून म्हणाले, "नाउ! देअर इज!"

भैयाने कपाळावर हात मारला. मला म्हणाला, "भाभी, ये सर किसी दिन ग्रामर में ही मरेंगे."

पण सरांचं खरं वेड बघायचं तर त्यांच्या फळीवरचे डबे बघायला हवे होते. प्रत्येक डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी. लोक 'साखर' लिहितात. सर लिहायचे, या डब्यात साखर असायलाच पाहिजे. कारण डबा बंद आहे, आतलं दिसत नाही, मग 'आहे' कसं लिहायचं? दर महिन्याला पेन्शन मिळून सामान आलं की सगळ्या डब्यांवर 'मस्ट बी'. पंधरवड्याने चिठ्ठ्या काढून 'मे बी' लावायचे. महिनाअखेरीस 'माइट बी'. 'इज' फक्त लोणच्याच्या बरणीला मिळालं होतं, कारण ती काचेची होती. मला या चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या, माझं काम डब्यांच्या पोच्यांवरून चालायचं. चिठ्ठ्यांवर काय आहे ते मला पायलने सांगितलं. पायल माझी मुलगी. ती सरांकडेच शिकली.

सर आता इथे नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या बहिणीने त्यांना नेपानगरला नेलं. पायल मला कधीकधी फोन लावून देते. मी विचारते, "सर, तब्येत?" म्हणतात, "बरी असावी." मी विचारते, "जेवलात?" म्हणतात, "जेवलो आहे." गल्लीतल्या त्या खोल्यांना कुलूप आहे. तरी तिथून जाताना मी कान देते, आणि मग स्वतःलाच हसते. आत कोण असणार?

पण मला जे लिहायचं आहे ते पायलच्या ॲडमिशनचं.

माझा नवरा केळीच्या गाड्या भरायला जातो. माणूस वाईट नाही. पण दारात कुणी तोंड पाडून उभा राहिला की खिशात असेल ते काढून देतो. बँकेत पैसे टाकले तर मेसेज त्याच्याच मोबाइलवर येतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या कामाच्या बायका करतात तेच मी केलं. अर्धा पगार घरी नेला, अर्धा सरांकडेच ठेवला. "सर, तुमच्याकडेच राहू द्या. पायलसाठी." सर मान डोलवायचे. दर महिन्याला नोटा माझ्यासमोर पाकिटात घालायचे, मला दाखवायचे, आणि म्हणायचे, "पाहिलंत? आहेत." चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. पायलची शाळा अशी कशावरून सुटू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पायल बारावी झाली. खंडव्याला नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं. शनिवारपर्यंत फी भरायची, नाहीतर सीट दुसऱ्याला. मी सोमवारी घरून निघाले ती वाटभर वाक्य पाठ करत. आपलेच पैसे, पण मागायचे म्हणजे माझी जीभ टाळूला चिकटते. शेवटी म्हटलं, "सर, ते पैसे असतील का?"

सर खूष. "वा! किती छान विचारलंत!" आणि आत गेले.

बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा केसांना जळमट लागलं होतं. म्हणाले, "असायलाच पाहिजेत."



झालं होतं असं की गेल्या पगारानंतर शेजारच्या घरात चोरी झाली. सर घाबरले आणि माझं पाकीट त्यांनी हलवलं. कुठे, ते आठवेना. "इतकी उत्तम जागा शोधली होती, बाई. म्हटलं चोरालाच काय, मलासुद्धा सापडायची नाही." मग हळूच म्हणाले, "तेवढं बरोबर ठरलं."

शोधाशोध सुरू झाली. गादी उसवली, घड्याळाची पाठ उघडली, देवांच्या फोटोंमागे पाहिलं. सगळी पुस्तकं उलटी धरून झटकली. मी पीठ चाळलं, सरांनी तांदळात कोपरापर्यंत हात घातला. रोज संध्याकाळी मी दाराशी उभी राहायची आणि सर म्हणायचे, "असायलाच पाहिजेत." मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

घरी नवरा म्हणाला, "सरांना सरळ विचार ना वं, आहेत का नाहीत? नाहीत म्हटले तर मी केळीच्या शेठकडून उचल घेतो. पण त्याची उचल घेतली की वर्षभर तो म्हणेल तेव्हा, म्हणेल तिथे जावं लागतं. उगाच कशाला बांधून घेऊ? एकदा काय ते कळू दे."

पायल उखडली होती. "आई, सरांचं 'मस्ट बी' चालूच राहणार आणि माझी सीट 'वॉज' होणार. तू बोलत का नाहीस?"

काय बोलू? मला बोलता आलं असतं तर आणखी काय हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्याबरोबर आली. सर खुर्चीवर बसले होते, पायाशी डबे मांडलेले. पायल समोर उभी राहिली. "सर, उद्या लास्ट डेट आहे. तुम्ही एकदा 'नाहीत' तरी म्हणा. म्हणजे बाबा सकाळी शेठकडे जातील."

सर म्हणाले, "नाहीत कसं म्हणू? मी ते नसलेलं पाहिलं नाही."

"नसलेलं कसं दिसतं सर?"

"सगळं पाहून झालं की दिसतं."

"मग झालं ना सगळं पाहून?"

सरांनी खोलीभर नजर फिरवली. इतके म्हातारे ते मला कधी दिसले नव्हते. "झालं," ते म्हणाले. तोंड उघडून पुढचं बोलणार होते, पण तो शब्द काही निघाला नाही. इकडे माझ्या डोळ्यांपुढे शेठचा गाळा आणि नवऱ्याची खाली घातलेली मान दिसायला लागली.

पायलला बहुतेक त्यांची दया आली. ती एकेक डबा उचलून फळीवर लावायला लागली. सवयीने चिठ्ठ्याही वाचत होती. साखर असेल. रवा असेल. पोहे असले तर असतील. वरच्या फळीवर लोणच्याच्या बरणीमागे एक जुना बिस्किटांचा चौकोनी डबा होता. तो पुढे ओढून तिने चिठ्ठी वाचली आणि एवढ्या रागातही तिला हसू आलं. "ह्या डब्यात काहीही असू शकत नाही."

"तो राहू दे," सर म्हणाले. "रिकामा आहे."

मी उंबऱ्यावर बसले होते. मी तो शब्द ऐकला. 'आहे'. या घरात इतकी वर्षं मी वरणातल्या मिठासाठीसुद्धा तो शब्द असा फुकट मिळालेला पाहिला नव्हता. मी डब्याकडे पाहिलं. पत्र्याचा डबा. झाकण घट्ट.

सरांना उलटं काही विचारायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. स्टेशनवरची बाई कुठल्यातरी गाडीचं बोलत होती, तिचं संपेपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "सर, तुम्ही पाहिलं?"

इतकं हळू की पायल म्हणाली, "काय?" पण सरांना ऐकू गेलं होतं. सगळ्या गल्लीला ते हाच प्रश्न विचारत आले होते, त्यांना कसा ऐकू जाणार नाही? गृहपाठ न केलेल्या मुलासारखं त्यांचं तोंड झालं.

"मीच लिहिलंय ते, बाई."

"हो सर. पण पाहिलं?"

सर उठले. डबा काढला. झाकण गंजलं होतं, निघेना. पायल चमचा घेऊन पुढे गेली, पण त्यांनी डबा तिला दिला नाही, स्वतःच उचकटला. आत माझं पाकीट होतं. वर हळदीचा जुना डाग, मीच लावलेला.

पायल म्हणाली, "सर, हे असं का लिहिलंत?"

"चोराने वाचावं आणि पुढे जावं म्हणून."

"चोराला इंग्रजी येत असेल?"

"मे बी," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि तुम्ही स्वतःच वाचून पुढे गेलात!"

"पायल!" मी तिला दटावलं. पण सर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला लागेपर्यंत हसले, आणि चष्मा काढून डोळे पुसले. ते पुसणं जरा जास्तच वेळ चाललं.

पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. "मोजा."

"असतील सर पूर्ण," मी म्हटलं. ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांच्या तोंडावर पैसे मोजायचे, हे आमच्यात बरं दिसत नाही.

"बाई, आत्ताच एकदा न पाहता बोलून झालंय. पुन्हा नको. मोजा."

मी भिंतीकडे तोंड केलं, अंगठा जिभेला लावला आणि मोजायला लागले. मागे सर उभे होते, पायल उभी होती, कुणी हलत नव्हतं. पगारांच्या जुन्या नोटा, काही दुमडलेल्या, काहींना माझ्याच कणकेच्या हाताचा वास असल्यासारखा. एकदा मोजून झालं. खात्री व्हावी म्हणून पुन्हा मोजलं. मग वळले आणि मान वर करून म्हटलं,

"आहेत सर. सगळे आहेत."